उस्तादाचा डावा कान

११ जानेवारी

अण्णा,

पाया पडतो. मी ठीक आहे. तुम्ही कसे आहात ते खरं लिहा, 'मजेत' लिहू नका.

फोन करू नकोस, पत्र लिही, त्याने अक्षर सुधारेल, असं तुम्ही कळवलंत. अक्षराचं आणि माझं सातवीतच फाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. तरी लिहायला बसलोय. खोलीतली पोरं हसतात, म्हणतात बायको आहे का कोण. म्हटलं बाप आहे, बायको परवडली असती. फोनचा विषय मीही काढत नाही. मागच्या वर्षी फोनवर झालं ते झालं.

आता एक सांगतो, रागवू नका. फरशी बसवायचं काम सोडलं. दिवसभर गुडघ्यांवर रांगायचं, जन्मल्यावर एकदा रांगलो तेवढं पुरे. आता वाळवी मारणाऱ्या कंपनीत लागलोय. भिंतीच्या बुडाशी फुटाफुटावर भोकं पाडायची, आत पंपाने औषध सोडायचं, वरून सिमेंटने बुजवायचं. लोकांच्या घरात शिरायला मिळतं. बाहेरून घर कसं चकाचक, आणि कपाट सरकवलं की मागे वेगळंच राज्य.

आमचा उस्ताद म्हणजे एक नमुना आहे. बाकीचे बॅटऱ्या घेऊन फिरतात, हा भिंतीला कान लावतो. डावा कान. डोळे मिटतो, दोन मिनिटं श्वास धरतो नि सांगतो, "इथे पंगत बसलीये." तिथे फोडलं की सापडतेच. मला तुमची आठवण झाली. तुमच्या कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेसखात्यात, कुठल्या मशीनचं बेअरिंग गेलंय ते तुम्ही लांबून नुसतं ऐकून सांगायचात, साहेब जेवणावरून उठवून न्यायचा तुम्हाला. उस्तादाला हे सांगितलं, तर म्हणाला, "असा बाप असून तू असा कसा?" मी म्हटलं, कान त्यांच्याकडेच राहिला, मला पाय मिळाले.

तुमचा
भिंगरी


१९ जानेवारी

भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहून शाई घालवत नाही.

कोंबडी चिखलातून आली आणि कागदावर पाय पुसून गेली, असं तुझं अक्षर आहे. तरी पत्र दोनदा वाचलं. एकदा कळावं म्हणून, एकदा उगाच.

फरशीचं काम सोडलंस ते वाचलं. गोदाम चार महिने, गाडी धुणं तीन, फरशी चार. आता वाळवीकडून तरी शीक. एकदा लाकडाला धरलं की ती सोडत नाही.

तुझ्याच कामाचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझ्या खाटेच्या उशाशी भिंतीवर मातीची रेघ आली आहे. पेन्सिलीएवढी जाड. जमिनीतून निघाली ती सरळ वर माळ्याच्या आडव्या लाकडापर्यंत. मुंग्यांचं काम असणार. सुरीने खरवडली, फडक्याने पुसली. चार दिवसांनी पुन्हा हजर. पुन्हा पुसली, रॉकेलचा बोळा फिरवला. पुन्हा आली. आता त्यांची आणि माझी लागली आहे. मी रिटायर माणूस, मला वेळच वेळ. बघू कोण आधी कंटाळतं.

अण्णा


२६ जानेवारी

अण्णा,

पाया पडतो. पुसू नका. आधी फडकं खाली ठेवा आणि मग पुढचं वाचा.

त्या मुंग्या नाहीत. ती वाळवीच. ती रेघ आतून पोकळ असते, नळीसारखी. वाळवीला ऊन आणि वारा सोसत नाही, म्हणून माती थुंकीत कालवून ती असा झाकलेला रस्ता बांधते आणि आतून ये-जा करते. तुम्ही रस्ता पुसला, तर तिची माणसं जमिनीखाली आहेत, ती नवा बांधतात. रॉकेलने तर ती वाट बदलून दुसरीकडून निघते, आणि मग आम्हालाही सापडत नाही. तुमची लागलीये म्हणता, पण ती कंटाळणाऱ्यातली नाही. ह्या बाबतीत ती तुमच्यावर गेलीये.

आता काय करायचं ते लिहितो. नळीचा मधला दोन बोटं तुकडा तेवढा तोडा आणि सोडून द्या. दोन दिवसांत सांधला, तर आत जिवंत आहेत. मग हातोडीच्या दांड्याने माळ्याचं लाकूड टोकापासून टोकापर्यंत ठोका. भरीव असेल तर खणखणीत बोलेल, खाल्लेलं असेल तर रिकाम्या खोक्यासारखं. टोचून भोकं पाडू नका, डिवचलं की त्या पांगतात. नुसतं ठोका आणि ऐका. तुमच्या कानाला मी काय शिकवणार.

आणखी एक. वाळवी ओलीशिवाय येत नाही. मोरीतला नळ किंवा भिंतीतली नळी ठिबकते का, ते दुपारी शांत असताना कान देऊन बघा.

अण्णा, मला लाकडाची पडलेली नाही. त्या माळ्यावर तुमचा लोखंडी पकडीचा व्हाईस आहे, ती जळकी मोटर आहे, आणि 'कधीतरी लागेल' म्हणून साठवलेलं लोखंड आहे. दोन माणसांचं वजन. त्याच्या बरोबर खाली तुमची उशी. काल जेवताना हे डोळ्यांसमोर आलं आणि ताट तसंच सोडून उठलो. उत्तर येईपर्यंत खाट दाराकडे ओढून झोपा.

भिंगरी


४ फेब्रुवारी

भिंगरी,

सांगितलंस तसं केलं. तोडलेला तुकडा दोन दिवसांत सांधला, वर जरा जास्तच माती लावली. कारागीर चांगले आहेत. आमच्या खात्यात असे असते तर बढती दिली असती.

लाकूड ठोकलं. एकदा नाही, तीनदा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळं ठणठणीत आहे. नळही बघितला, खुर्ची टाकून अर्धा तास बसलो. कुठे काही ठिबकत नाही.

तेव्हा खाट आहे तिथेच राहील. दाराकडे ओढली की उजेड डोळ्यांवर येतो. तू उगाच घाबरून काम सोडून पळत येऊ नकोस. तुझा चौथा महिना अजून लांब आहे, तो तरी पूर्ण कर.

अण्णा


११ फेब्रुवारी

अण्णा,

पाया पडतो. पत्र वाचून बरं वाटलं, आणि मग उस्तादाला वाचून दाखवलं तर बरं वाटेनासं झालं.

तो म्हणाला, "रस्ता लाकडापर्यंत बांधला आणि लाकूड भरीव? रोज डबा घेऊन कामावर जायचं आणि डबा उघडायचाच नाही, असं कुणी करतं का?" मी म्हटलं, माझ्या बापाचा कान चुकायचा नाही. तो म्हणाला, "मग वाळवी चुकली असेल. तिला समजाव." सगळे हसले. मीही हसलो, पण अण्णा, ते डोक्यातून जात नाही.

माझ्यासाठी एकदा पुन्हा ठोका. लाकडाचं भिंतीत गेलेलं डावं टोक विशेष करून. नळी तिथेच चढते ना?

भिंगरी


१६ फेब्रुवारी

बाळा,

मी तुमच्या शेजारची टेलरमावशी. पत्ता तुझ्या पाकिटामागून उतरवून घेतला. पोस्टमनने ते चुकून माझ्या दाराखालून सरकवलं होतं. उघडलं नाही हो, बाहेरूनच बघितलं.

तुझे वडील पंधरा दिवस झाले हातोडी घेऊन ठोकतायत. माझं शिलाई मशीन त्याच भिंतीला लागून आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं रिकामे डबे बडवतायत, इतकं पोकळ वाजत होतं. मी जाऊन सांगितलं, "अण्णा, हे लाकूड आतून गेलंय हो." त्यांनी मान डोलावली, आत गेले आणि वाटीभर साखर आणून दिली. आता साखर मागायला आले नव्हते मी, पण घेतली.

नळाचंही तेच. तुमच्या मोरीची नळी भिंतीत ठिबकते, माझ्या बाजूला पोपडे धरलेत, टपटप आवाज मला मशीन थांबलं की येतो. तीनदा सांगितलं. तीनही वेळा "हो हो, बरं" म्हणाले. परवा मी आणि आमच्या ह्यांनी माझी सुई खाटेखाली गेलीये असं सांगून त्यांची खाट दाराशी ओढली. सुई काही सापडली नाही, कशी सापडेल. दुसऱ्या दिवशी खाट पुन्हा जागेवर.

दार कितीही वाजवा, उघडत नाहीत. खिडकीसमोर हात हलवला की लगेच उघडतात, आणि म्हणतात, "आत्ताच आलात का?" त्यांना ऐकू येत नाही असं मी म्हणत नाही. म्हणजे म्हणते. पण मी म्हटलं असं त्यांना सांगू नकोस. माणूस मानी आहे. तुझं पत्र आलं की मात्र दोन दिवस उंच दिसतात.

टेलरमावशी


२१ फेब्रुवारी

अण्णा,

पाया पडतो. हे पत्र डाकेने नाही, आमच्या कंपनीच्या औषधगाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. गाडी तुमच्या बाजूलाच चाललीये, उद्या पोचेल. माणूस रेड्यासारखा दणकट आहे आणि स्वभावाने गाय. तो तुमचा व्हाईस, मोटर आणि सगळं लोखंड माळ्यावरून उतरवून देईल. 'कशाला' म्हणू नका. घरात वाळवीची जिवंत नळी दिसली की वरचं वजन उतरवायचं आणि खाट भिंतीपासून दोन हात लांब ठेवायची, हा कंपनीचा नियम आहे. तुम्ही नियमाचे माणूस.

आता मुद्दा. लाकूड ठोकून ऐकायची रीत आम्ही बंद केली. उस्तादाचा डावा कान ड्रिलच्या आवाजाने गेलाय आणि उजवाही तसाच आहे. त्याने नवी रीत काढलीये आणि कंपनीत आता सगळे तीच वापरतात. डावा तळहात लाकडावर पालथा, बोटं पसरून, घट्ट ठेवायचा. वीतभर अंतरावर हातोडीचा दांडा मारायचा. भरीव लाकूड मार परत करतं, तळहाताला चापट बसल्यासारखं लागतं. खाल्लेलं लाकूड मार गिळतं. कानाचं यात कामच नाही. उस्ताद म्हणतो, कान फसतो, हात फसत नाही.

लाकडाने मार गिळलेला हाताला कळला, तर तिथे मात्र स्क्रूड्रायव्हर टोचून बघा.

नळाचंही असंच. पाण्याची नळी भिंतीत शिरते तिथे कोरडा कागद गुंडाळून दोरा बांधा. दुपारपर्यंत ओला झाला तर ठिबकतोय. ऐकत बसायची गरज नाही.

सगळं करून लगेच कळवा. मी इकडे वाट बघतोय.

भिंगरी


२५ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझा ड्रायव्हर आला. मी खिडकीशीच होतो. सामान उतरवून गेला, चहासुद्धा उभ्यानेच घेतला. त्याला म्हटलं माझा पोरगा कसं काम करतो. तो बराच वेळ बोलला. चेहऱ्यावरून चांगलं बोलत होता.

मग एकटा असताना स्टुलावर चढलो आणि उस्तादाच्या रीतीने हात ठेवला. उजवीकडून सुरुवात केली. चापट बसली. पुढे सरकलो, चापट बसली. मधोमध आलो तशी बोटांत यायची, तळव्यात येईना. आणि डाव्या टोकाला हातोडी मारली तेव्हा हाताला काहीच आलं नाही. पोत्यावर मारावी तसं. पुन्हा मारली. काही नाही. स्क्रूड्रायव्हर लावला, तो मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा. वरचा रंग तेवढा माझा होता, आतलं सगळं त्यांचं. तीन आठवडे मी त्याखाली झोपून तुला ठणठणीत लिहीत होतो.

लाकूड काढून घेतलं. त्या जागी लोखंडी अँगल टाकला, मापं मी स्वतः दिली. आता खा म्हणावं. कागद तासाभरात भिजला, नळी बदलून घेतली. तुझ्या मावशीने मला चढ्या आवाजात काहीतरी सुनावलं, ते मी तोंडावरूनच समजलो.

तेव्हापासून मी दिसेल त्यावर हात ठेवतो. भाताच्या झाकणावर ठेवला की उकळी कळते. मावशीच्या शिलाई मशीनवर ठेवला आणि सांगितलं, मागची दांडी कोरडी चालते आहे, तेल घाला. तिने घातलं आणि हाताखालची खरखर थांबली. एकतीस वर्षं हे हात प्रेसवर होते, त्यांना सगळं ठाऊक होतं. मीच त्यांना विचारलं नाही.

आता दुसरं. तुझी पत्रं मी पत्र्याच्या डब्यात ठेवतो, तिथे वाळवी जात नाही. काल डबा काढला. ११ जानेवारीला तू लिहितोस की उस्ताद भिंतीला डावा कान लावून आतली पंगत ऐकतो. २१ फेब्रुवारीला लिहितोस की त्याचा डावा कान गेला. एकेचाळीस दिवसांत बिचाऱ्याचं फार नुकसान झालं. पोरा, खोटं बोलायचं तर मागचं पत्र आठवून बोलावं.

दोन वर्षं झाली. आधी घड्याळाची टिकटिक गेली. मग दाराची कडी. मग फोनवर तू. माणूस समोर असला की ओठ बघून भागतं, फोनला ओठ नाहीत. तू बोलायचास आणि मी अंदाजाने "हो हो, बरं" म्हणायचो. मागच्या वर्षी एकदा तू बराच वेळ बोललास, मी "हो हो, बरं" म्हटलं, आणि फोन बंद झाला. काय विचारलं होतंस ते मला आजतागायत माहीत नाही. त्यानंतर तू इतक्या लांब गेलास. म्हणून पत्रासाठी अक्षराचं निमित्त काढलं. कानाने ज्याचं नाव कमावलं, त्याने कान गेला असं कुठल्या तोंडाने सांगावं? आणि सांगितलं असतं तर तू काम टाकून आला असतास. तेही नको होतं.

उस्तादाला एक विचार. दार वाजलेलं त्याला कसं कळतं? पोस्टमनचं ठीक आहे, तो खालून सरकवतो. पण समजा कधी तू आलास.

अण्णा


२ मार्च

अण्णा,

पाया पडतो. पकडलंत.

उस्तादाचे दोन्ही कान शाबूत आहेत. मी केलेला पराक्रम त्याला सांगितला, तर म्हणाला, "कान माझा गेला, निदान मला विचारायचं तरी." मावशीचं पत्र आलं त्या दिवशी मी बॅग भरली होती. त्यानेच बसवलं. म्हणाला, "तू जाशील, त्यांच्या हातातली हातोडी घेशील, ठोकशील आणि सांगशील पोकळ आहे. लाकूड वाचेल, बाप पडेल. त्यांचं त्यांना सापडू दे. वजन तेवढं उतरव." तळहाताची रीत मात्र खोटी नाही. ती त्याच्या वडिलांची. ते सुतार होते आणि जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

दाराचंही त्यांचंच सांगतो. चौकटीच्या वरच्या फटीतून दोरी बाहेर सोडायची. आतलं टोक खाटेच्या पायाला बांधायचं आणि मध्ये डोळ्यांसमोर येईल असं लाल फडकं लावायचं. बाहेरून ओढलं की जागे असाल तर दिसतं, पडून असाल तर खाटेला कळतं.

आता त्या फोनचं. लिहू नये असं वाटत होतं, पण तुम्ही सगळं लिहिलंत. त्या दिवशी मी विचारलं होतं, "अण्णा, मी सारखी कामं सोडतो, तुम्हाला माझी लाज वाटते का?" तुम्ही म्हणालात, "हो हो, बरं." मी फोन ठेवला आणि जी सगळ्यात लांब जाणारी गाडी होती तिचं तिकीट काढलं. वर्षभर वाटायचं, कुठल्या तरी कामात नाव काढीन आणि मग तोंड दाखवीन. आणि नाव काढायच्या घाईत चौथ्या महिन्याला काम सोडायचो. काल पत्र वाचलं आणि गच्चीवर जाऊन एकटाच हसत बसलो. पोरांना वाटलं, औषध चढलं.

मी येतोय. काम सोडून नाही. १४ तारखेला दुपारी पोचतो, १८ ला परत, परतीचं तिकीट आधी काढलंय आणि पाकिटात त्याची नक्कल घातलीये, म्हणजे तुम्हाला झोप लागेल. उस्तादाने पंप आणि ड्रिल दिलंय. अँगल टाकलात तरी जमिनीखालची वसाहत तशीच आहे, ती दाराची चौकट शोधेल. बुडाशी भोकं मी पाडीन, तुम्ही हात ठेवून तपासा.

दार वाजवणार नाही. दोरी ओढीन.

भिंगरी


७ मार्च

भिंगरी,

तिकीट बघितलं. तारखा बरोबर आहेत. अक्षर किंचित सुधारलं आहे, चढून जाऊ नकोस.

वर्षभरापूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आज देतो, उशीर झाला. नाही. एकदाही नाही. गोदाम सोडलंस तेव्हा नाही, फरशी सोडलीस तेव्हाही नाही. काळजी वाटली. काळजी आणि लाज चेहऱ्यावर सारख्याच दिसतात, फोनवर तर काहीच दिसत नाही. हे पत्र जपून ठेव. पुन्हा शंका आली तर काढून वाच, मला विचारायला नको.

दोरी बांधली आहे. लाल फडकं नव्हतं, मावशीने कापडाची चिंधी दिली, फुलाफुलांची आहे, चालवून घे. तिने बाहेरून ओढून बघितली, खाटेला बरोबर कळलं. त्यानंतर पाच वेळा ओढून गेली, कारण काही नव्हतं.

१४ ला दुपारपासून मी खाटेवरच असेन. दोरी सुतळीची आहे, हिसका मारू नकोस. हळू ओढलीस तरी मला कळेल.

अण्णा